परग्रहवाले आले, युद्ध थांबवलं, भूक संपवली. तरी आर्थर क्लार्क विचारत राहिला, याची किंमत काय?

समजा, उद्या सकाळी उठून खिडकी उघडली आणि आभाळात शहराएवढं यान थांबलेलं दिसलं.

गोळीबार नाही, बॉम्ब नाही. काही दिवसांनी एक शांत आवाज ऐकू येतो. आजपासून युद्ध बंद. कुणी उपाशी राहणार नाही. मुक्या जनावरांचे हाल चालणार नाहीत. बाकी तुमचं तुम्ही चालू द्या, आम्ही वरून लक्ष ठेवू.

आता सांगा, हो म्हणायचं की नाही?

पहिल्या झटक्यात कुणीही हो म्हणेल. फुकटात शांतता मिळतेय, नाही कशाला म्हणायचं? पण एक लेखक या एकाच प्रश्नाकडे आयुष्यभर फिरून फिरून येत राहिला. त्याचं नाव आर्थर सी. क्लार्क.

सायन्स फिक्शन हा तुमचा प्रांत नसला तरी या माणसाचं काम तुमच्या ओळखीचं आहे. गच्चीवरची टीव्हीची डिश आभाळातल्या एकाच जागेकडे तोंड करून बसलेली असते, ती का हलत नाही? तर तिकडे वर एक उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत असतो आणि आपल्याला तो एका जागी थांबल्यासारखा दिसतो. असे उपग्रह सगळ्या जगाचे निरोप पोचवू शकतील, हे 1945 साली कागदावर नीट मांडणारा गडी म्हणजे हाच क्लार्क.

तर गोष्ट सुरू होते इंग्लंडच्या सॉमरसेट भागातल्या माइनहेड या समुद्रकाठच्या गावात. 16 डिसेंबर 1917 ला आर्थरचा जन्म झाला. आईवडील दोघंही पोस्टाच्या तारखात्यात कामाला होते. पुढे वडिलांनी शेती करून बघितली, पण ती काही नीट जमली नाही. आर्थर 13 वर्षांचा असताना वडील गेले. चार भावंडांत हा थोरला.

घरी पैसा बेताचा. पण पोराचं डोकं आभाळात. हाताने बनवलेल्या दुर्बिणीतून चंद्र बघायचा आणि त्याचे नकाशे काढायचा. अमेरिकेतून येणारी स्वस्तातली विज्ञानकथांची मासिकं मिळतील तिथून गोळा करायची. त्याच वयात गावच्या वाचनालयात त्याच्या हाती ओलाफ स्टेपलडनची एक कादंबरी पडली. त्यात माणसाचा पुढच्या दोन अब्ज वर्षांचा इतिहास सांगितलेला होता. आपण म्हणजे सृष्टीचा शेवटचा शब्द नाही, ही गोष्ट या पोराच्या मनात तेव्हा बसली ती बसलीच.

कॉलेजला पैसे नव्हते. 1936 साली तो लंडनला आला आणि सरकारी खात्यात हिशेब तपासनिसाची नोकरी धरली. दिवसा शिक्षकांच्या पेन्शनचे हिशेब आणि संध्याकाळी ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या बैठका. माणूस चंद्रावर कसा जाईल यावर तिथे तासन्‌तास चर्चा चालायच्या. त्या काळात लोक या मंडळींना येड्यात काढायचे.

मग दुसरं महायुद्ध आलं.

इथे दोन गोष्टी घडल्या, आणि पुढची सगळी कथा त्या दोन गोष्टींभोवती फिरते.

पहिली गोष्ट 1941 सालची. जर्मन विमानांनी खाली येऊन बॉम्ब टाकू नयेत म्हणून लंडनवर भलेमोठे फुगे पोलादी दोरांनी बांधून सोडलेले असायचे. एका संध्याकाळी मित्राबरोबर जाताना क्लार्कला मावळत्या उन्हात चमकणारे ते शेकडो फुगे दिसले. क्षणभर त्याला वाटलं, ही परग्रहावरची यानंच शहरावर येऊन थांबली आहेत. हे चित्र त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या कामाची. तो रॉयल एअर फोर्समध्ये रडारवर होता. धुक्यात वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. अशा वेळी जमिनीवरचा माणूस रडारवर विमान बघतो आणि रेडिओवरून थोडं डावीकडे, थोडं खाली असं सांगत त्याला सुखरूप उतरवतो. ही पद्धत तेव्हा अगदी नवी होती आणि क्लार्क तिच्या चाचण्यांमध्ये होता.

म्हणजे बघा, डोळ्यांपुढे काही दिसत नसलेल्या माणसाला दुरून वाट दाखवणारा आवाज, हे क्लार्कचं रोजचं कामच होतं.

पण यात एक मेख आहे. वैमानिकाला उतरायचंच असतं. धावपट्टी कुठली आहे, हे त्याला माहीत असतं. आणि आवाजावर विश्वास बसला नाही तर विमान पुन्हा वर उचलायला तो मोकळा असतो. वाट दाखवणारा आणि वाट चालणारा, दोघांचं ठिकाण एकच.

ते एक नसेल तर?

युद्ध संपलं. ऑक्टोबर 1945 मध्ये वायरलेस वर्ल्ड या मासिकात क्लार्कचा उपग्रहांवरचा लेख आला. विषुववृत्ताच्या वर साधारण 36,000 किलोमीटरवर तीन उपग्रह ठेवले तर जवळपास सगळ्या जगात संदेश पोचवता येईल, असा हिशेब त्यात होता. पेटंट वगैरे त्याने घेतलं नाही. पहिला असा उपग्रह वर जायला 1964 साल उजाडलं. आज त्या कक्षेला क्लार्कचंच नाव दिलं जातं.

सैन्यातून सुटल्यावर राहिलेलं शिक्षण त्याने पूर्ण केलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून गणित आणि भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी घेतली. आणि लिहायला बसला.

1953 साली त्याची चाइल्डहुड्स एंड ही कादंबरी आली. लंडनवरचे ते फुगे आता खरोखरची यानं झाले होते.

कादंबरीत जगातल्या मोठमोठ्या शहरांवर यानं येऊन थांबतात. आत असतात ओव्हरलॉर्ड्स. त्यांचा प्रमुख कॅरेलन. तो कुणाला दिसत नाही, फक्त संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसाशी बोलतो. कॅरेलन माणसं मारत नाही. दक्षिण आफ्रिकेतला वंशभेद थांबवायचा असतो, तर तो केप टाउनवरचा सूर्य अर्धा तास झाकून टाकतो. दुसऱ्या दिवशी सरकार ताळ्यावर. माद्रिदमध्ये बैलांच्या झुंजीत बैलाला भाला लागतो आणि त्याच क्षणी ती वेदना मैदानातल्या सगळ्या प्रेक्षकांना होते. झुंजी बंद.

युद्ध संपतं, भूक संपते, रोगराई आटोक्यात येते. वाचताना आपल्यालाही वाटतं, मग अडचण काय आहे?

अडचण अशी, की हे पाहुणे स्वतःचं तोंड दाखवत नाहीत. 50 वर्षं थांबा म्हणतात. 50 वर्षांनी कॅरेलन बाहेर येतो तेव्हा कळतं, की त्याला शिंगं आहेत, पंख आहेत आणि शेपूटही आहे. ख्रिस्ती लोकांच्या चित्रांतला हुबेहूब सैतान! पण तोवर लोक इतके सुखावलेले असतात, की कुणाला फारसं काही वाटत नाही. दोन पिढ्यांत माणसांना सवय लागलेली असते.

हळूहळू आणखी एक गोष्ट लक्षात येते. नवीन शोध लागत नाहीत. मोठी चित्रं, मोठं संगीत तयार होत नाही. ज्या प्रश्नासाठी आपण आयुष्य घालवणार, त्याचं उत्तर वरच्या मंडळींना आधीच माहीत असेल तर डोकं कोण झिजवणार? अवकाशात जायचे रस्ते तर त्यांनी बंदच केलेले असतात. काही लोक वैतागून एका बेटावर आपली वेगळी वसाहत करतात, निदान तिथे तरी कला जिवंत राहील म्हणून.

आणि शेवटी खरं कारण बाहेर येतं. (कादंबरी वाचायची असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.)

ओव्हरलॉर्ड्स मालक नसतातच. त्यांच्या वर आणखी मोठी एक शक्ती असते आणि हे तिचे नोकर. माणसाची शेवटची पिढी, म्हणजे लहान लहान मुलं, बदलून त्या शक्तीत विलीन होणार असतात. तोवर माणसाने एकमेकांना अणुबॉम्बने संपवू नये, एवढ्यासाठीच ही सगळी राखण. शांतता, सुबत्ता, न्याय हे सगळं बाळंतपण नीट व्हावं म्हणून. कॅरेलन ही यातली सुईण. मुलं आईबापांना ओळखेनाशी होतात आणि निघून जातात. मागे राहिलेल्यांना जगण्यात रस उरत नाही. ते कलेचं बेट स्वतःच्या हाताने स्वतःला उडवून टाकतं.

आता ठरवा, कॅरेलन चांगला की वाईट? तो खोटं बोलला नाही, पण त्याने खरंही सांगितलं नाही. वैमानिकाला वाटलं आपण घरी उतरतोय, आणि आवाजाने त्याला भलत्याच धावपट्टीवर नेलं. ती धावपट्टी कदाचित घरापेक्षा मोठी असेल, भारी असेल. पण त्याला विचारलं कुणी?

या कादंबरीत एक जागा आपल्याला थेट लागू होते. पाहुण्यांच्या या राज्याची तुलना तिथे ब्रिटिशांच्या भारतातल्या राज्याशी केलेली आहे. पुस्तक आलं तेव्हा भारत स्वतंत्र होऊन जेमतेम 6 वर्षं झाली होती आणि लिहिणारा ब्रिटिश होता. कॅरेलनचं म्हणणं असं, की ब्रिटिशांपुढे नक्की हेतू नव्हता, आमच्यापुढे आहे. पण ज्यांच्यावर राज्य झालं त्यांना विचारा. आम्ही तुमच्या भल्यासाठीच आलोय, हे वाक्य आपल्या आज्या-पणज्यांनी भरपूर ऐकलेलं आहे. रेल्वे आली, तारायंत्र आलं, पण गाडी कुठे न्यायची हे ठरवणारा इथला नव्हता. क्लार्कने ही तुलना सहज केली असेल, पण भारतीय वाचक तिथे थांबतोच.

गंमत म्हणजे खुद्द क्लार्कलाही आपल्या पुस्तकाची धास्ती वाटली असावी. या पुस्तकातली मतं लेखकाची नाहीत, अशी सूचना त्याने सुरुवातीलाच छापली होती. कारण त्याच सुमाराला तो दुसऱ्या एका पुस्तकात माणूस ताऱ्यांपर्यंत जाणार असं छातीठोकपणे सांगत होता, आणि कादंबरीत कॅरेलन माणसाला सांगतो की तारे तुझ्यासाठी नाहीत.

1956 साली क्लार्कने इंग्लंड सोडलं आणि सिलोन, म्हणजे आजचं श्रीलंका गाठलं. कारण होतं समुद्र. पाण्याखाली डुबकी मारली की वजन जाणवत नाही, अवकाशात गेल्यासारखं वाटतं. त्याच वर्षी त्रिंकोमालीच्या समुद्रात त्याला आणि त्याचा साथीदार माइक विल्सन याला कोणेश्वरम या जुन्या शिवमंदिराचे अवशेष सापडले. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी ते मंदिर पाडलं होतं. मोठ्या जहाजांतून, चांगल्या तोफा घेऊन आलेले पाहुणे काय करून जातात, हे क्लार्कने पाण्याखाली स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

पुढे 1964 मध्ये दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने त्याला गाठलं. त्यातून 1968 साली 2001: ए स्पेस ओडिसी हा सिनेमा आणि त्याच नावाची कादंबरी आली. इथे परग्रहवाले दिसतच नाहीत. फक्त एक काळी, गुळगुळीत, उभी शिळा. लाखो वर्षांपूर्वी ती उपाशी मरणाऱ्या वानरमाणसांमध्ये येऊन उभी राहते आणि त्यांना हत्यार वापरायला शिकवते.

शिकवण फळाला येते, पोट भरतं, वंश वाचतो. पण त्याच हत्याराने थोड्याच दिवसांत पाणवठ्यावरचा दुसऱ्या टोळीतला एक जण मारला जातो. म्हणजे माणूस घडवला तो याच धड्याने, आणि माणसाचा पहिला खूनही याच धड्यातून. मास्तर मात्र निघून गेलेले. जबाबदार कोण?

1982 साली पुढचा भाग आला. त्यात क्लार्कने प्रश्न आणखी टोकदार केला. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली जीव आहेत. त्यांना वाढायला ऊब हवी. म्हणून परग्रहवाले अख्ख्या गुरू ग्रहाचाच छोटा सूर्य करून टाकतात. पण गुरूच्या ढगांमध्येही जीव तरंगत होते. ते काही पुढे जाणार नाहीत, असं ठरवून त्यांना जळू दिलं जातं. शेतकरी रोप वाढवतो तसा तणही उपटतो. आपण रोप आहोत तोवर शेतकरी देवमाणूसच वाटणार. पण रोप कोण आणि तण कोण, हे रोपाला विचारून ठरत नाही.

आणि 1997 साली, वयाच्या 79 व्या वर्षी, शेवटच्या भागात त्याने सगळंच उलटं केलं. त्या शिळेने माणसाबद्दलचा अहवाल वर पाठवलेला असतो, तोही रक्ताने माखलेल्या विसाव्या शतकाच्या जोरावर. शेकडो वर्षांनी निकाल येतो, आणि तो माणसाला पुसून टाकण्याचा असू शकतो. तोवर माणूस बराच सुधारलेला असतो, पण त्याची बाजू मांडायला जागाच नसते. मग माणसं काय करतात? कॉम्प्युटर व्हायरस सोडून ती शिळा बंद पाडतात. ज्या मास्तरने हातात हत्यार दिलं, त्याच्यावरच विद्यार्थ्याने हत्यार चालवलं.

1953 मध्ये कॅरेलनपुढे मान तुकवणारा माणूस 1997 मध्ये नाही म्हणायला शिकला. क्लार्कच्या 44 वर्षांच्या लिखाणाचा प्रवास हा असा.

आता गोष्ट कागदावरून खाली आणू. कारण आभाळातून शहाणपण पाठवायचा एक खराखुरा प्रयोग आपल्याच देशात झाला, आणि क्लार्क त्याचा साक्षीदार होता.

प्रयोगाचं नाव साइट. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं एक वर्ष नासाचा एटीएस-6 हा उपग्रह भारताने वापरायला घेतला. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक अशा सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत टीव्ही बसवले गेले. शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन, मुलांसाठी विज्ञान असे कार्यक्रम थेट वरून यायचे. करार विक्रम साराभाईंच्या काळातला, पण प्रयोग बघायला ते राहिले नाहीत. त्याचे प्रोग्रॅम मॅनेजर होते एकनाथ चिटणीस, आपले कोल्हापूरचे. ज्याने ही कल्पना 30 वर्षांपूर्वी मांडली त्याची आठवण म्हणून भारताने क्लार्कच्या कोलंबोतल्या घरी एक डिश बसवून दिली.

वरवर बघितलं तर हे ओव्हरलॉर्ड्ससारखंच. उपग्रह दुसऱ्याचा, खालची माणसं गरीब, आणि काय चांगलं हे वरून सांगितलं जाणार.

पण फरक होता. उपग्रह अमेरिकेचा असला तरी कार्यक्रम इथे, इथल्या भाषांत बनत होते. खेड्यांतल्या डिश अहमदाबादला घडवलेल्या होत्या, आणि त्यात कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात तसली जाळी लावली होती. लोकांवर काय परिणाम होतोय हे बघायला संशोधक गावात जाऊन राहिले होते. आणि वर्ष संपल्यावर अमेरिकेने आपला उपग्रह ठरल्याप्रमाणे काढून घेतला. तेव्हा टीव्ही बंद पडले, पण शिकलेली माणसं उरली. 1983 मध्ये इन्सॅट-1बी काम करू लागला तेव्हा ती चालवणारी टीम तयार होती.

दिल्ली-अहमदाबादच्या साहेबांनी खेड्याला काय हवं हे ठरवणं, यातही थोडा कॅरेलन होताच. पण इथे मदत कधी संपणार ते आधीपासून माहीत होतं, आणि ती संपल्यावर घेणारा आपल्या पायावर उभा होता. कॅरेलनच्या राज्यात या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

क्लार्कच्या आयुष्याची शेवटची 25 वर्षं मात्र कठीण गेली. 1962 मध्ये पोलिओ झाला होता, त्याचे परिणाम म्हातारपणी पुन्हा उफाळून आले आणि तो व्हीलचेअरवर आला. 1983 पासून श्रीलंकेत सिंहली आणि तमिळ यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं. कोलंबोत बॉम्ब फुटत होते. ज्या देशाला त्याने घर मानलं तिथे हजारो माणसं मरत होती. त्याच्या कादंबरीतल्या कॅरेलनने हे युद्ध एका दुपारी थांबवलं असतं. पण आभाळात कुणी नव्हतं.

डिसेंबर 2007 मध्ये नव्वदीनिमित्त त्याने एक व्हिडिओ काढला आणि त्यात तीन इच्छा सांगितल्या. परग्रहावर जीव असल्याचा पुरावा मिळावा. जगाची तेलाची सवय सुटावी. आणि श्रीलंकेत शांतता यावी.

लक्षात घ्या, पहिली इच्छा परग्रहवाल्यांची आणि तिसरी शांततेची, पण त्याने या दोन्हींची गाठ घातली नाही. त्यांनी यावं आणि आमचं भांडण मिटवावं, असं तो म्हणाला नाही. उलट शांतता नुसती इच्छा करून मिळत नाही, त्यासाठी कष्ट, धैर्य आणि चिकाटी लागते, असंच त्याने सांगितलं.

19 मार्च 2008 ला कोलंबोत तो गेला. अंत्यविधीत कुठलाही धार्मिक विधी नको, अशी सूचना त्याने आधीच देऊन ठेवली होती. श्रीलंकेतलं युद्ध त्यानंतर वर्षभराने, मे 2009 मध्ये संपलं, तेही रक्तपातानेच. पुरावा अजून मिळालेला नाही. तेलाची सवयही सुटलेली नाही.

आज परग्रहवाल्यांच्या जागी आपण कधी एखादा मोठा नेता बसवतो, कधी एखादी कंपनी, कधी सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारं मशीन. कुणीतरी शहाणं येईल आणि आपलं भलं करून टाकेल, ही आशा काही जात नाही. क्लार्कलाही ती होती, म्हणून तर तो जन्मभर आभाळाकडे बघत राहिला.

पण वरून मदत आली तर तिला काय विचारायचं, तेही तो लिहून गेला. आम्हाला कुठे घेऊन चालला आहात? आणि नको वाटलं, तर मागे फिरता येईल का?

या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा पाहुणा आला, तर त्याला खुशाल चहा पाजावा.